ट्रिक्सच्या दोन वह्या भरल्या तरी पेपर का सुटत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की कंपनीत शिफ्ट सांभाळून सरळसेवा भरतीचा अभ्यास चाललाय, दहावीनंतर बारा-तेरा वर्षं गणिताला हात लावला नव्हता, आता रोज मोबाईलवर शॉर्टकटचे व्हिडिओ बघता, बघून बघून दोनशे पानी दोन वह्या भरल्या, पण पेपर समोर आला की कुठली ट्रिक कुठे लावायची तेच कळत नाही. दुसरा प्रश्न मुलीचा, ती पाचवीत आहे, गणित म्हटलं की रडते, तिला वैदिक गणिताचा क्लास लावू की घरीच शिकवू. आणि शेवटी तुम्ही चुकलेलं एक गणित दिलंय, भाववाढीचं. त्या गणिताकडे मी शेवटीच येतो, कारण बाकीचं बोलून झालं की ते आपोआप सुटतं.

मी नाशिकरोडला बावीस वर्षं गणित शिकवतोय, आधी शाळेतल्या पोरांना आणि नंतर भरतीची तयारी करणाऱ्यांना. पहिली तीन-चार वर्षं मी पण ट्रिक्सच शिकवायचो, पोरं खूश असायची, फळ्यावर दहा सेकंदात उत्तर आलं की टाळ्या पडायच्या. मग एक मुलगी परीक्षा देऊन परत आली आणि तिनं पेपरमधलं एक गणित दाखवलं. दोन वस्तू प्रत्येकी ९०० रुपयांना घेतल्या, एक १० टक्के नफ्यानं विकली, एक १० टक्के तोट्यानं, तर एकूण काय झालं. ती एक टक्का तोटा लिहून आली होती. मी वर्गात सांगितलं होतं की सारखाच नफा आणि सारखाच तोटा असेल तर नेहमी तोटाच होतो, टक्क्याचा वर्ग करा आणि १०० नं भागा. दहाचा वर्ग शंभर, भागिले शंभर, एक टक्का तोटा. ती मला म्हणाली, सर तुम्ही नेहमी म्हणाला होतात. आणि ते खरं होतं, तो 'नेहमी' हा शब्द माझाच होता.

आता बघा काय झालं ते. ती ट्रिक चालते विक्री किंमत सारखी असेल तेव्हा. दोन्ही वस्तू ९९० ला विकल्या, एकीवर १० टक्के नफा म्हणजे ती घेतली होती ९०० ला, दुसरीवर १० टक्के तोटा म्हणजे ती घेतली होती ११०० ला, गेले २००० आणि आले १९८०, म्हणजे २० रुपये गेले, एक टक्का तोटा. बरोबर. पण खरेदी किंमत सारखी असेल तर ९०० वर ९० मिळाले आणि ९०० वर ९० गेले, काहीच झालं नाही, ना नफा ना तोटा. वाक्यात फरक फक्त 'घेतल्या' आणि 'विकल्या' एवढ्या एका शब्दाचा, आणि पेपर काढणारा बरोबर तिथेच बोट ठेवतो, कारण त्याला माहितेय की ट्रिक सगळ्यांनी पाठ केलीय.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आणि पोरांनाही लावली. प्रत्येक ट्रिकला कुंपण असतं. ट्रिक शिकताना तीन गोष्टी वहीत यायला पाहिजेत, ती का चालते, ती कुठे चालत नाही, आणि ती विसरली तर साध्या रस्त्यानं उत्तर कसं काढायचं. तुमच्या वह्यांत बहुतेक फक्त ट्रिक आहे, कुंपण कुठेच नाही, म्हणून पेपरमध्ये गोंधळ उडतो. तुमची स्मरणशक्ती अगदी चांगली आहे, दोनशे ट्रिक्स लक्षात ठेवणं काही सोपं नाही, पण ज्याचं कारण माहीत नाही ते डोक्यात सुटं सुटं पडून राहतं आणि सुट्या गोष्टी घाईत सापडत नाहीत.

एक सगळ्यांना माहीत असलेली ट्रिक घेऊ, शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग. ६५ चा वर्ग, ६ गुणिले ७ बेचाळीस, पुढे २५ लिहा, ४२२५. ठीक. आता का? ६५ म्हणजे ६० अधिक ५. ६५ गुणिले ६५ मध्ये येतं काय काय, ६० चा वर्ग, मग ६० गुणिले ५ दोनदा, आणि ५ चा वर्ग २५. साठपाचे दोनदा म्हणजे ६० गुणिले १०. तर ६० साठ वेळा आणि वर आणखी ६० दहा वेळा, म्हणजे ६० सत्तर वेळा झाले, ४२००, अधिक २५. संपलं. एवढं एकदा स्वतःच्या हातानं लिहिलं की ही ट्रिक आयुष्यात विसरायची भीती नाही, कारण विसरली तरी अर्ध्या मिनिटात परत काढता येते. आणि कारण कळलं की ती वाढते पण. दोन पाचांची बेरीज दहा होते म्हणून हे जमलं ना, मग ६३ गुणिले ६७ ला पण जमेल, तीन आणि सात दहाच. सहा सात्ते बेचाळीस, तीन सात्ते एकवीस, ४२२१. करून बघा. ६१ गुणिले ६९ ला मात्र सावध, एक नवे नऊ येतात आणि लोक ४२९ लिहून मोकळे होतात, मागे दोन घरं भरायची असतात म्हणून ०९, उत्तर ४२०९. आणि ६३ गुणिले ६५ ला ही ट्रिक लागत नाही, तीन आणि पाच दहा होत नाहीत. हे झालं कुंपण.

अकरानं गुणायची ट्रिक तशीच. ५३ गुणिले ११, मधे बेरीज घाला, ५८३. मग मूल ७८ गुणिले ११ ला ७१५८ लिहितं, कारण मधे १५ येतात आणि हातचा पुढे न्यायचा असतो हे व्हिडिओत शेवटच्या दहा सेकंदांत सांगितलेलं असतं. ज्यानं ७८० अधिक ७८ असं एकदा मांडलंय तो असं लिहूच शकत नाही, त्याला आधीच माहितेय की उत्तर साडेआठशेच्या आसपास पाहिजे, ८५८. सात हजार कुठून येणार?

हे 'आसपास' फार महत्त्वाचं आहे आणि ते कोणी शिकवत नाही म्हणून मला तळमळ वाटते. गणित सोडवायच्या आधी अंदाज बांधा. ३९८ गुणिले ५१, म्हणजे साधारण चारशे पन्नासे वीस हजार, त्याहून थोडं जास्त. चार ऑप्शनमधले दोन इथेच उडतात. शेवटचा अंक आठ एके आठ, बहुतेक तिसरा पण उडाला. आणि नेमकं पाहिजे असेल तर चारशे गुणिले ५१ मधून दोन वेळा ५१ वजा, २०४०० वजा १०२, २०२९८. यात ट्रिक असं काही नाहीच, संख्येकडे नीट बघितलं एवढंच.

उत्तर तपासायची नवाची पद्धत पण शिका, ती फार कामाची आहे. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६ आलं. अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत या, ३४७ चे १४, १४ चे ५. २८ चे १०, १० चा १. पाच एके पाच. उत्तराचे ९ ७ १ ६ मिळून २३, २३ चे ५. जुळलं. याचं कारण असं की १०, १००, १००० यांना ९ नं भागलं की दर वेळी बाकी १ च उरते, म्हणून अंकांची बेरीज म्हणजे ९ नं भागल्यावरची बाकीच असते. पण कुंपण बघा, घाईत तुम्ही ९७१६ च्या जागी ९७६१ लिहिलं तर अंकांची बेरीज तीच, तपासणी 'बरोबर' म्हणणार आणि उत्तर चूक. आणि अंकांची अदलाबदल हीच तर घाईतली सगळ्यात कॉमन चूक. म्हणजे ही तपासणी जुळली नाही तर उत्तर नक्की चूक, पण जुळली म्हणून नक्की बरोबर असं नाही.

आता वेगाचं एक सांगतो, कारण ते दर पेपरला असतं. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग किती. ५० लिहिणारे खूप. ट्रिकवाले दोनदा गुणाकार भागिले बेरीज करून ४८ काढतात आणि ते बरोबर आहे, पण का ते विचारलं की गप्प. अंतर १२० किलोमीटर धरा, जायला ३ तास, यायला २ तास, ५ तासांत २४० किलोमीटर, ४८. हळू चालवलेला वेळ जास्त आहे म्हणून सरासरी ४० कडे झुकते. हे कळलं की पेपरमध्ये जेव्हा येतं की 'पहिले दोन तास ताशी ४० नं आणि नंतरचे दोन तास ताशी ६० नं' तेव्हा तुम्ही ४८ वर टिक करणार नाही, इथे वेळ सारखा आहे, अंतर नाही, उत्तर सरळ ५०.

काळ-कामाला तर मी सूत्र शिकवणंच बंद केलं. एक जण १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत, मिळून किती. सूत्रानं गुणाकार २१६ भागिले बेरीज ३०. त्यापेक्षा लसावि ३६ घ्या, समजा ३६ टोपल्या माती उचलायचीय, पहिला रोज ३, दुसरा रोज २, मिळून ५, ३६ भागिले ५, सात पूर्णांक एक पंचमांश दिवस. यात तिसरा माणूस आला, कोणी मधेच सोडून गेला, टाकीला गळती लागली, काहीही झालं तरी टोपल्या मोजायच्या. सूत्र मात्र दर वेळी नवं लागतं. वेळ फार तर पाच सेकंद जास्त जातो आणि डोकं शांत राहतं.

हे सगळं जमायला हाताशी संख्या पाहिजेत. तुम्ही लिहिलंय की पाढे १२ पर्यंत येतात. २० पर्यंत करा, वर्ग ३० पर्यंत करा, आणि त्याहून आधी एक करा जे आता फारसं कोणी करत नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. आपल्या आजोबांच्या पिढीला हे तोंडपाठ असायचं, अगदी साडेतीनची औटकी सुद्धा. माझे वडील जेमतेम सातवी शिकलेले, लासलगावला कांदा घेऊन जायचे. साडेबारा क्विंटल माल, भाव अकराशे साठ. मी कॉलेजात होतो, मी खिशातून पेन काढेपर्यंत त्यांचं झालेलं असायचं, दहाचे अकरा हजार सहाशे, त्याचा पाव दोन हजार नऊशे, साडेचौदा हजार. मी घरी येऊन कागदावर केलं, १४५००. त्यांना साडेबारा ही संख्या 'दहाची सवाई' अशी दिसत होती. मला ती १२.५ दिसत होती, दशांश चिन्ह असलेली, गुणायला अवघड. एवढाच फरक होता आमच्यात, आणि तो मला फार उशिरा कळला. शेकडेवारीचं अर्धं गणित यातच आहे, २५ टक्के म्हणजे पाव, ७५ म्हणजे पाऊण, साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, १२५ टक्के म्हणजे सवाई. ज्याची मराठी पक्की आहे त्याच्याकडे हे आयतं आहे, सव्वा, दीड, पाऊण, अडीच असे एका शब्दाचे अपूर्णांक आपल्याकडे आहेत, ते वापरा.

मराठीचीच दुसरी बाजू पण सांगतो, ती मुलीसाठी जास्त लागेल. आपले संख्यांचे शब्द उलटे आहेत, त्रेपन्न म्हणताना आधी तीन येतात मग पन्नास, लिहिताना आधी पाच. एकोणसाठ ऐकलं की मूल ६९ लिहितं कारण त्याला 'साठ' ऐकू आलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल, डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी वारंवार सांगितलं की जुने शब्द कोणी काढून टाकत नाहीये. मला स्वतःला ती सोय योग्यच वाटली होती आणि आजही वाटते, कारण तोंडी हिशोब डावीकडून करायचा असतो. कागदावर आपण एककापासून सुरू करतो, हातचा घेत घेत, पण डोक्यात ४७ अधिक ३८ करताना आधी चाळीस आणि तीस सत्तर, मग सात आणि आठ पंधरा, पंच्याऐंशी. मोठा भाग आधी हातात येतो, मधेच विसरलं तरी उत्तर कुठे आहे ते माहीत असतं. मुलीला बोलताना पंच्याऐंशीच म्हणू दे, पण मनात 'ऐंशी पाच' म्हटलं तर चालतं हे तिला सांगा, तिचा अर्धा गोंधळ तिथेच जाईल.

तुमच्या अभ्यासाचं आता. एक महिना व्हिडिओ बंद. खरंच बंद. व्हिडिओ बघताना कळतंय असं वाटतं कारण सोडवणारा दुसरा असतो. बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं घ्या, पीडीएफ फुकट मिळतात, लाजू नका, माझ्याकडे इंजिनियर झालेली पोरं पण सातवीच्या पुस्तकापासून सुरू करतात आणि पंधरा दिवसांत त्यांना बरं वाटायला लागतं. शिफ्टमुळे रोज ४० मिनिटंच मिळत असतील तरी पुरे, पण रोज. सोडवलेलं उदाहरण असेल तर त्याच्या उत्तरावर वही ठेवून झाका, स्वतः करून बघा, अडलात तर एकच ओळ उघडा, परत झाका. जमलं की पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या पानावर परत. मग त्यातली एक संख्या बदला. मग, आणि हे सोडू नका, तशाच धर्तीचं गणित स्वतः तयार करा. गणित तयार करताना माणसाला कळतं की कुठली संख्या घेतली की भाग जात नाही, कुठली अट काढली की उत्तरच निघत नाही, आणि पेपर काढणारा कसा विचार करतो ते पण दिसायला लागतं. तीन दिवसांनी तेच गणित न बघता परत, मग आठ-दहा दिवसांनी परत.

चुकांची एक वेगळी वही करा. चूक कुठल्या जातीची होती ते लिहा, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, की मुळात कळलंच नव्हतं. तिन्हींचं औषध वेगळं आहे आणि बहुतेक लोक तिन्हींवर 'अजून सराव' हे एकच औषध घेतात. एका पोराच्या वहीत महिनाभरात साठेक चुका झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या वाचण्याच्या निघाल्या, त्याला गणित येत होतं, तो 'नाही' हा शब्दच वगळून वाचायचा. टायमर लावायचा तो दुसऱ्या महिन्यात, दहापैकी नऊ बरोबर यायला लागली की, त्याआधी लावला तर चुकीचंच वेगानं करायची सवय लागते आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये ती महाग पडते.

कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम, पण एकदा तपासून घ्या. २० वजा ८ अधिक ५, सूत्रात बेरीज आधी आहे म्हणून खूप जण आधी ८ अधिक ५ तेरा करतात आणि ७ लिहितात. उत्तर १७ आहे. बेरीज आधी करायची तर २० आणि ५ ची करा, आठच्या आधीचं वजाचं चिन्ह आठचं आहे, ते आठला चिकटूनच फिरतं. किंवा सरळ डावीकडून उजवीकडे जा, बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत.

मुलीबद्दल. तिला ५२ वजा २७ द्या आणि ३५ आलं तर रागावू नका. तिनं मोठ्यातून लहान वजा केलंय, सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. तिच्या डोक्यात एक नियम आहे आणि ती तो इमानदारीनं पाळतेय, फक्त नियम चुकीचा आहे. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी विचारा 'कसं काढलंस', चुकलं तेव्हाच विचारलं तर मुलं त्या प्रश्नालाच घाबरतात. मग तिला दुकानदाराची वजाबाकी दाखवा. २७ पासून ३० ला ३, ३० पासून ५२ ला २२, पंचवीस. पूर्वी मूल दुकानात जायचं, पाचशेची नोट द्यायचं, ३६८ चं बिल झालं की दुकानदार मोजून हातात द्यायचा, हे दोन तीनशे सत्तर, हे तीस चारशे, हे शंभर पाचशे. १३२ परत आले आणि वजाबाकी कोणी शिकवली पण नाही. आता सगळीकडे फोननं पैसे देतात, मुलांना सुटे पैसे परत आलेले दिसतच नाहीत, म्हणून घरी दुकान मांडा, दहाच्या-पन्नासच्या खऱ्या नोटा आणि नाणी घेऊन, आणि तिला दुकानदार करा.

आणि तिला कापरेकरांचा खेळ शिकवा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आमच्या देवळालीचे शाळामास्तर, १९३० पासून १९६२ ला रिटायर होईपर्यंत शाळेत शिकवत राहिले, बी.एस्सी. च्या पुढची डिग्री नाही, विद्यापीठात नोकरी नाही, आणि हा माणूस वहीत संख्या मांडत मांडत असं काही शोधून गेला की १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या लेखकानं अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं. स्वतःचं स्वतः गणित करणं म्हणजे काय हे मला कोणी विचारलं की मी त्यांचंच नाव घेतो. खेळ असा, चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या संख्येचं परत तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच अडकतं. महाराष्ट्राचं साल घेऊ, १९६०. ९६१० वजा ०१६९ म्हणजे ९४४१. मग ९४४१ वजा १४४९, ७९९२. मग ९९७२ वजा २७९९, ७१७३. मग ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. बरोब्बर सात. तुमच्या मुलीनं आत्ता हातच्याच्या सात अवघड वजाबाक्या केल्या आणि रडली नाही, उलट पुढची संख्या मागेल. त्यात आणखी एक सोय आहे, अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, म्हणून दर वेळच्या उत्तराला ९ नं भाग जातोच, ९४४१ चे अंक मिळून १८, ७९९२ चे २७. अठरा-सत्तावीस आलं नाही तर वजाबाकी कुठेतरी चुकली हे तिचं तिलाच कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही. वर लिहिलेली नवाची तपासणी ती अशी खेळात शिकते.

वैदिक गणिताच्या क्लासबद्दल माझं मत सरळ सांगतो. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांची ती सोळा सूत्रं, पुस्तक आलं १९६५ मध्ये, ते गेल्यावर पाच वर्षांनी. ही सूत्रं अथर्ववेदाच्या माहीत असलेल्या परिशिष्टांत सापडत नाहीत हे पुस्तकाच्या संपादकांनीच सुरुवातीला नोंदवलंय, त्यामुळे वेदांचं नाव घेऊन कोणी फी वाढवत असेल तर त्याला भुलू नका. पण पद्धती खऱ्या आहेत, त्यांच्यामागे साधं बीजगणित आहे. ९७ गुणिले ९६ घ्या, शंभराला ३ कमी आणि ४ कमी, ९७ मधून ४ गेले ९३, तीन चोक बारा, ९३१२. सुंदर आहे. पण ६२ गुणिले ५७ ला तेच लावा, ३८ कमी आणि ४३ कमी, आता ३८ गुणिले ४३ करत बसा, मूळ गणितापेक्षा अवघड. साठ गुणिले ५७ म्हणजे ३४२०, वर दोन वेळा ५७, ११४, झाले ३५३४, संपलं. क्लासमध्ये शंभराच्या जवळच्याच संख्या देतात म्हणून ते जादू वाटतं. पाचवीत, आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलीला, सध्या हा क्लास लावू नका. आठवीत बीजगणितातला कंसांचा गुणाकार आला की तिला हीच पद्धत द्या आणि सांग का चालते म्हणून विचारा, दहा मिनिटांत सांगेल आणि तेव्हा तिला खरा आनंद होईल.

आता तुमचं चुकलेलं गणित. तेलाचा भाव २५ टक्के वाढला, खर्च तेवढाच ठेवायचाय तर वापर किती टक्के कमी करावा. तुम्ही २५ लिहिलं. वहीत याची ट्रिक होती पण १०० अधिक की १०० वजा ते आठवलं नाही असं म्हणताय. ट्रिक राहू दे. २५ टक्के वाढला म्हणजे भाव सवाई झाला, शंभरचे सव्वाशे. घरात तेलाला महिन्याला ५०० रुपये जात होते, शंभरनं ५ किलो यायचं, सव्वाशेनं ४ किलो येईल. पाचातलं एक किलो कमी, म्हणजे पाचवा भाग, २० टक्के. भाव पाव हिश्शानं वर गेला आणि वापर पाचव्या हिश्शानं खाली, कारण पाव हा चारातला एक आणि वाढल्यावर झाले पाच. आता हेच गणित उलटं करून संध्याकाळी मुलीला घाला, भाव २० टक्के उतरला तर त्याच ५०० रुपयांत किती टक्के तेल जास्त येईल. तिला नोटा घेऊन बसू दे, उत्तर तुम्ही सांगू नका, आणि तिनं ते कसं काढलं ते मला नक्की कळवा.